खाण बंद, पंप मात्र चालूच!

जर्मनीच्या पश्चिम भागात रूर नावाचा औद्योगिक प्रदेश आहे. सव्वा लाखाच्या आत वस्ती असलेले बोट्रोप हे त्यातील एक शहर. 21 डिसेंबर 2018 रोजी येथील प्रोस्पर-हानियल खाणीतून कोळशाचा शेवटचा तुकडा समारंभपूर्वक वर आणण्यात आला आणि जर्मनीतील दगडी कोळशाचे खाणकाम संपले. कोळसा काही संपला नव्हता. पण हजार मीटरहून अधिक खोलीवरून तो काढण्यापेक्षा परदेशातून आणणे स्वस्त पडत होते.

खाण बंद झाली म्हणजे पंपही थांबले असतील, असे तुम्हांला वाटेल. तसे झालेले नाही. का बरे?

कोळशाचा थर काढून घेतला की वरचा खडक त्या पोकळीत बसतो आणि त्याबरोबर जमीनही खचते. शेजारच्या एसेन शहरात काही ठिकाणी ती वीस मीटरांहूनही अधिक खचली आहे. अशा खोलगट भागातले पावसाचे पाणी आपोआप नदीकडे वाहत नाही. ते पंपाने उचलून नदीत सोडावे लागते. नाही तर वस्तीचे तळे होईल!

जमीन खचत असताना भूमिगत नळही टिकत नाहीत. म्हणून जवळजवळ शंभर वर्षे येथील एम्शर नदीलाच उघडे गटार बनविले होते. खाणी बंद होऊ लागल्यावर, 1992 पासून, ते बदलण्याचे काम सुरू झाले. डॉर्टमुंड ते डिन्सलाकेन असा 51 किलोमीटरचा भूमिगत नळ घातला गेला आणि 2021 च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून मुक्त झाली. या नळाला हजार मीटरला दीड मीटर उतार आहे. म्हणजे 51 किलोमीटरांत उतार झाला सुमारे 76 मीटर! नळ फार खोल जाऊ नये म्हणून वाटेत तीन ठिकाणी पाणी वर उचलतात. त्यांपैकी एक ठिकाण बोट्रोप.

तिसरे पाणी खाणींतले. ते खारट असते. वर चढून पिण्याच्या पाण्यात मिसळता कामा नये. आता हिशेब करा. एक घनमीटर, म्हणजे 1000 किलोग्रॅम पाणी 600 मीटर उचलायचे आहे.

ऊर्जा = 1000 × 9.8 × 600 = सुमारे 59 लाख ज्यूल

म्हणजे पंपात काहीही ऊर्जा वाया जात नाही असे मानले, तरी 1.6 युनिट वीज लागणार. आणि हे दररोज, कायमचे. जर्मन लोक या कामांना 'अनंतकाळची कामे' म्हणतात. त्यांच्या खर्चासाठी 2007 मध्ये एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करावे लागले.

मग सांगा, कोळशाची किंमत काढताना हा खर्च कोणत्या रकान्यात मांडाल?