८० रुपयांचे भांडवल आणि रोजचा हिशेब

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होते ८० रुपये, तेही उसने. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कार्यकर्ते छगनलाल करमशी पारेख यांनी ते दिले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने ती घेतली. पुढे याचाच 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' झाला. आज तिथे चाळीस हजारांहून अधिक महिला काम करतात. संस्थापकांपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली असते. '८० रुपयांतून कोट्यवधी' अशी ती सांगतात. ऐकायला छान वाटते, पण ज्याला स्वतःचा धंदा सुरू करायचा आहे त्याच्या उपयोगाचे त्यात फारसे काही नाही. उपयोगाचे आहे ते पहिल्या काही वर्षांत. पहिल्या वर्षाची एकूण विक्री ६,१९६ रुपये होती, म्हणजे महिन्याला सरासरी पाचशेच्या जरा वर. त्यातही पावसाळ्याचे चार महिने पापड वाळत नाहीत म्हणून काम बंदच ठेवावे लागले. इतक्या लहान धंद्यात पैशाबाबत जे नियम त्यांनी ठरवले, तेच पुढे मोठ्या धंद्यातही चालले.

त्यातला एक नियम असा, की तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. दुसरा नियम हिशेबाचा. छगनलाल पारेख यांना सगळे छगनबाप्पा म्हणत. हे काम धर्मादाय समजू नका, धंदा म्हणून चालवा आणि हिशेब चोख ठेवा, हा त्यांचा आग्रह होता. सुरुवातीला या महिला दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्त. छगनबाप्पांनी सल्ला दिला की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. घेतलेले पैसे त्यांनी सहा महिन्यांत फेडले.

काम वाढल्यावर घरात जागा पुरेना. तेव्हा मळलेले पीठ सभासदांना द्यायचे, त्यांनी घरी लाटून, वाळवून आणायचे आणि केंद्रावर वजन व तपासणी करून घ्यायचे, अशी पद्धत पडली. लाटण्याच्या मजुरीला संस्थेत 'वणाई' म्हणतात. लाटणारी प्रत्येक स्त्री संस्थेची सहमालक असते, तरीही तिच्या श्रमाचा मोबदला आधी दिला जातो आणि नफा-तोटा नंतर पाहिला जातो. घरून धंदा करणारे नेमके हेच विसरतात.

स्वतःची मजुरी कुठे गेली?

समजा, एखादी बाई घरी उडदाचे पापड करून विकते. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गावच्या भावाने ते बदलून पाहा. एक किलो पापडाला पीठ, पापडखार, हिंग, मिरे, तेल मिळून १५० रुपये लागतात. पिशवी, लेबल, वीज यांचे २० रुपये. माल पोचवण्याचे १० रुपये. एकूण १८०. दुकानदार २६० रुपये किलोने घेतो. ती म्हणते, "किलोमागे ८० रुपये सुटतात."

आता तिने दोन शेजारणींना लाटायला बोलावले आणि किलोला ५० रुपये मजुरी ठरवली. सुटणारे पैसे एकदम ३० रुपयांवर आले. तिला वाटते, धंदा वाढवल्यावर नफा घटला. खरे तर नफा पहिल्यापासून ३० रुपयेच होता. उरलेले ५० रुपये तिची स्वतःची मजुरी होती आणि ती कुठे मोजलेलीच नव्हती. म्हणून किंमत ठरवताना स्वतःच्या कामाचा दर पहिल्या दिवसापासून खर्चात लिहावा. 'घरचेच आहे, त्याचे काय धरायचे' असे म्हणून ठरवलेली किंमत पुढे वाढवता येत नाही, कारण गिऱ्हाईक तिला सरावलेले असते.

हाच हिशेब शिवणकाम, डबे, शिकवण्या, दुरुस्तीची कामे, सगळीकडे लागू आहे. डबे देणारा माणूस गॅस आणि भाजीचा खर्च लिहितो, पहाटे चार तास स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बायकोचा लिहीत नाही.

उधारीत अडकलेला नफा

छोटे धंदे तोट्याने बुडतात त्याहून जास्त रोख संपल्याने बुडतात, असे माझे मत आहे. वरचाच हिशेब पुढे नेऊ. आठवड्याला ४० किलो पापड जातात. मजुरी धरून खर्च किलोला २३० रुपये, म्हणजे आठवड्याला ९,२०० रुपये. दुकानदार म्हणतो, पैसे महिन्याने देतो. पहिले पैसे हातात येईपर्यंत चार आठवड्यांचा माल गेलेला असतो. म्हणजे ३६,८०० रुपये खिशातून घालावे लागले आणि वहीत ४,८०० रुपये नफा दिसतो आहे. तो फक्त वहीत आहे. त्याच महिन्यात मुलाची फी भरायची असेल तर तो उपयोगी पडत नाही. या ३६,८०० रुपयांना खेळते भांडवल म्हणतात. शेगडी, यंत्र, फर्निचर यांचा खर्च सगळे आधीच धरतात, खेळते भांडवल मात्र मोजायचे राहून जाते.

आणि समजा, एका आठवड्याचे बिल बुडाले, तर? माल तयार करायला गेलेले ९,२०० रुपये भरून काढायला, किलोला ३० रुपये नफ्याने, सुमारे ३०७ किलो पापड विकावे लागतील. म्हणजे जवळजवळ आठ आठवड्यांचे काम, केवळ पूर्वीच्या जागी परत येण्यासाठी. एखाद्या दुकानदाराला उधार देण्याआधी हा भागाकार एकदा करून बघावा. बहुतेक वेळा किलोमागे पाच रुपये कमी घेऊन रोखीने माल देणे परवडते.

उधारी पूर्ण टाळता येईल असे नाही, बाजाराची रीत असते. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला किती रुपयांपर्यंत उधार, ही मर्यादा आधी ठरवून वहीत लिहून ठेवावी. मागचे बिल मिटल्याशिवाय पुढचा माल नाही, हे पहिल्याच महिन्यात सांगितले तर कोणी वाईट मानत नाही. वर्षभराने सांगितले तर भांडण होते.

मोठ्या खरेदीदाराला माल देत असाल तर कायद्याचा आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास व्याज लागते आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासाठी लागणारी 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. ती करून देण्याचे पैसे मागणारे खूप भेटतात, त्यांची गरज नाही. अर्थात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने थकवलेल्या दोन-चार हजारांसाठी कोणी परिषदेकडे जात नाही. तिथे आपली मर्यादाच कामाला येते.

पावसाळ्याचे चार महिने

लिज्जतच्या महिलांनी पहिल्या पावसाळ्यात काम थांबवले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पावसातही पापड वाळू लागले. एवढ्याशा खर्चाने चार महिन्यांची विक्री परत मिळाली.

प्रत्येक धंद्याला असा एखादा पावसाळा असतो. शिवणकामाला सणांनंतरचा काळ, शिकवणीला मे महिना, बांधकामाशी जोडलेल्या कामांना खरोखरचा पावसाळा. पहिल्या वर्षी प्रत्येक महिन्याची विक्री लिहून ठेवली की दुसऱ्या वर्षी तो दिसतो. त्या महिन्यांसाठी चांगल्या महिन्यांतच पैसे बाजूला काढायचे असतात. बँकेत किंवा पोस्टात आवर्त ठेव उघडून तिची मुदत मंदीच्या आधी संपेल असे बघणे, हा एक साधा मार्ग आहे. पोस्टाची आवर्त ठेव पाच वर्षांची असते, त्यामुळे इतक्या कमी मुदतीसाठी बँकेची बरी.

घरचा पैसा, धंद्याचा पैसा

गल्ल्यातून भाजीला पैसे काढले, घरच्या पैशातून पीठ आणले, असे चालू राहिले तर धंदा नफ्यात आहे की घर त्याला पोसते आहे हे कोणालाच सांगता येत नाही. धंद्यासाठी वेगळे बँक खाते असावे, दुकानात लावलेला क्यूआर कोड त्याच खात्याला जोडलेला असावा, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तुमची मजुरी त्यातून घरच्या खात्यात जावी. मग एखाद्या महिन्यात मजुरी निघाली नाही, तर ते लगेच कळते. रोजमेळ दोन रकान्यांचा पुरतो, आले आणि गेले. रात्री पाच मिनिटांत लिहावा. आठवड्याचा एकदम लिहायला बसले की रिक्षाचे, चहाचे, सुतळीचे पैसे आठवत नाहीत, आणि पापडाच्या धंद्यात नफा तेवढाच असतो.

वेगळ्या खात्याचा आणखी एक फायदा आहे. पुढे कर्ज मागायला गेलात तर बँक या खात्याचे उतारे बघते. रोख घेऊन रोखच खर्च केलेल्या धंद्याची विक्री कितीही असली तरी ती कागदावर दिसत नाही.

सुरुवातीला बचतीतले किती घालावे? सहा महिन्यांचा घरखर्च, आरोग्य विम्याचा हप्ता आणि चालू कर्जांचे हप्ते बाजूला काढावेत. उरेल त्यातला काही भाग धंद्यात घालावा, सगळा नव्हे. निवृत्तीचा पैसा आणि मुलांच्या शिक्षणाची ठेव यांना हात लावू नये असे मी म्हणेन, भले धंदा लहान सुरू करावा लागला तरी चालेल.

थोड्या दिवसांसाठी पैसे कमी पडले तर मुदत ठेव मोडण्याआधी त्याच बँकेत ठेवीवर कर्ज मिळते का ते विचारा. त्याचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्क्यांनी जास्त असतो आणि ठेवीवरचे व्याज चालू राहते. सावकाराचा 'शेकडा पाच' ऐकायला लहान वाटतो, पण तो महिन्याचा दर असतो. वर्षाचे ६० टक्के झाले. पापडावर किलोला २३० रुपये घालून ३० मिळवणाऱ्याला, महिनाभर पैसे अडकले तर त्या ३० मधले साडेअकरा रुपये व्याजातच जातात.

तारण नसलेल्यांसाठी प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ पासून आहे. तिच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत, 'किशोर'मध्ये ५ लाखांपर्यंत आणि 'तरुण'मध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. हे कर्ज आहे, अनुदान नाही, ते फेडायचे असते. मुद्राने कोणीही दलाल नेमलेले नाहीत. कर्ज मंजूर करून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याचा फोन आला तर ठेवून द्यावा आणि सरळ बँकेच्या शाखेत जावे.

वाढ कधी करायची

लिज्जतने १९६१ मध्ये मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न केला. तो फसला. १९६२ मध्ये सभासदांमध्येच स्पर्धा घेऊन 'लिज्जत' हे नाव निवडले, बक्षीस होते पाच रुपये. १९६२-६३ ची पापडांची विक्री १ लाख ८२ हजार रुपयांवर गेली. संस्था म्हणून नोंदणी आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता १९६६ मध्ये आली, म्हणजे सुरुवातीनंतर सात वर्षांनी. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातमधल्या वालोडला १९६८ मध्ये निघाली.

पुढे खाकरा, मसाले, पिठाच्या गिरण्या, छपाई, पॅकिंगच्या पिशव्या अशी कामे जोडली गेली. यातली बरीचशी पापडाला लागणारीच होती, पीठ बाहेरून घेण्याऐवजी स्वतः दळणे, वेष्टन स्वतः छापणे. १९७९ मध्ये आगकाड्या, अगरबत्ती आणि चामड्याच्या वस्तूही करून पाहिल्या. त्या चालल्या नाहीत. पापड मात्र चालूच राहिले, आणि पीठ मळून घरी नेण्याची, लाटून आणल्यावर वजन करून मजुरी चुकती करण्याची पद्धतही.