१२८ विहिरी नोटा आणि एक फोन

एक विहीर घ्या. आपल्याकडची नेहमीची, गोल, बांधीव. व्यास ६ मीटर, खोली १२ मीटर. ही विहीर आपल्याला हजाराच्या नोटांनी भरायची आहे. २०१० साली चलनात होत्या त्याच नोटा, १७७ मिलिमीटर लांब, ७३ मिलिमीटर रुंद. जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरू. गड्ड्या दाबून रचायच्या, फट ठेवायची नाही. एक विहीर काठोकाठ भरली की दुसरी घ्यायची. दुसरी भरली की तिसरी. किती विहिरी काठोकाठ भरतील?

१२८!

आख्ख्या पंचक्रोशीतल्या विहिरी नोटांनी तुडुंब. आणि हे पैसे कुणाच्या मालकीचे नाहीत. ही एक तूट आहे. २०१० अखेर अमेरिकेत १ कोटी ११ लाख घरं अशी होती, की घराच्या किमतीपेक्षा घरावरचं कर्ज जास्त. कोअरलॉजिक ही तिकडची मालमत्तांची माहिती गोळा करणारी कंपनी. तिच्या हिशेबाने या सगळ्या घरांची किंमत आणि कर्ज यांतलं अंतर होतं सुमारे ७५० अब्ज डॉलर. तेव्हाच्या दराने डॉलरला ४५ रुपये धरा. झाले ३३ लाख ७५ हजार कोटी रुपये. भारत सरकारचा २०१०-११चा सगळा अर्थसंकल्प, म्हणजे रस्त्यांपासून रेशनपर्यंत आणि सैन्यापासून शाळांपर्यंतचा एकूण खर्च, सुमारे ११ लाख ९ हजार कोटींचा. असे तीन अर्थसंकल्प या एका खड्ड्यात मावतात!

अजून डोळ्यांसमोर येत नसेल तर नोटा मोजायला बसू. सेकंदाला एक हजाराची नोट. जेवण नाही, झोप नाही, पाणी प्यायलाही थांबायचं नाही. २०१०मध्ये मोजणी संपवायची असेल तर सुरुवात कधी करायला हवी होती? १,०६९ वर्षं आधी. इसवी सन ९४१! दख्खनवर तेव्हा राष्ट्रकूटांचं राज्य होतं. ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायला अजून तीनशेहून जास्त वर्षं होती.

आणि बँका बुडू नयेत म्हणून अमेरिकी संसदेने ऑक्टोबर २००८मध्ये मंजूर केलेला तो जगभर गाजलेला बचाव निधी किती होता? ७०० अब्ज डॉलर. खड्डा निधीपेक्षा मोठा!

आता ही घरं रस्त्यावर मांडून बघू. सगळी १ कोटी ११ लाख नंतर घेऊ, आधी फक्त ज्यांच्या दारावर नोटीस चिकटली तेवढीच. २०१० या एका वर्षात २८ लाख ७० हजार मालमत्तांवर फोरक्लोजरची, म्हणजे हप्ते थकले म्हणून घर ताब्यात घेऊन विकण्याच्या प्रक्रियेतली, निदान एक तरी नोटीस लागली. प्रत्येक घराचा दर्शनी भाग १५ मीटर धरा आणि घरं एकाला एक चिकटवून रांगेत उभी करा. मुंबईहून निघालेली रांग पुण्याला पोचते, परत फिरते, पुन्हा पुण्याला जाते. एक खेप दीडशे किलोमीटरची धरली तर २८७ खेपा होतात. रांगेची लांबी ४३ हजार किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीला वेढा घालायला ४०,०७५ किलोमीटर पुरतात. एका वर्षाच्या नोटिशींनी पृथ्वीला मिठी मारली आणि वर तीन हजार किलोमीटर उरले!

या घरांत माणसं किती? अमेरिकेत एका घरात सरासरी २.५८ माणसं राहत होती. सगळी घरं भरलेली धरली तर ७४ लाख माणसं होतात. मुंबईची लोकल दिवसाला जितके प्रवासी वाहते, साधारण तितकी. सकाळची पहिली गाडी ते रात्रीची शेवटची, विरार ते चर्चगेट, कर्जत ते सीएसएमटी, खिडकीतला, दारातला, चौथ्या सीटवर टेकलेला प्रत्येक प्रवासी डोळ्यांसमोर आणा आणि त्या प्रत्येकाच्या हातात नोटीस द्या.

नेवाडा राज्यात तर कहर होता. दर ११ घरांमागे एकाला नोटीस. लास वेगासमध्ये २००६च्या शिखरावरून घरांच्या किमती साठ टक्क्यांहून जास्त कोसळल्या. तिथलं एक घर कल्पनेत घेऊ, म्हणजे पुढचा हिशेब सोपा जाईल. कर्ज बाकी ३ लाख डॉलर. आज बाजारात गिऱ्हाईक देतंय १ लाख ४० हजार. मधलं अंतर १ लाख ६० हजार डॉलर, आपले ७२ लाख रुपये. घर विकूनही ७२ लाख डोक्यावर राहणार!

अशा वेळी एक वाट असते, शॉर्ट सेल. बँकेने म्हणायचं, ठीक आहे, कर्जापेक्षा कमी किमतीला विका, येतील तेवढे पैसे आम्हाला द्या आणि मोकळे व्हा. ऐकायला सोपं आहे. पण हे बँकेकडून म्हणवून कोण घेणार? घर विकणारा एजंट! आपल्याकडे एजंट म्हटलं की दोन टक्क्यांची बोलणी आणि चाव्यांचा जुडगा आठवतो. तिकडच्या एजंटने त्या काळात वकिलाचं, कारकुनाचं, हिशेबनिसाचं आणि कित्येकदा घरातल्या वडीलधाऱ्याचं काम केलं. मला या सगळ्या आकड्यांमध्ये तोच माणूस सर्वांत मोठा वाटतो.

सरकारने हात दिला ५ एप्रिल २०१०ला. योजनेचं नाव हाफा. घर वाचवण्याच्या मोठ्या सरकारी मोहिमेचा हा एक भाग, ज्यांचं घर वाचणारच नाही त्यांच्यासाठी. योजनेतले आकडे बघा, कारण पुढे सगळी मारामारी याच आकड्यांशी आहे. बँकेने आधीच किमान किंमत ठरवून करार द्यायचा. मालकाने १४ दिवसांत सही करून तो परत पाठवायचा. घर विकायला निदान १२० दिवस मिळणार. गिऱ्हाईक आलं की बँकेने कामकाजाच्या १० दिवसांत हो किंवा नाही सांगायचं. व्यवहार झाला की उरलेलं कर्ज कायमचं माफ, नंतर कुणी वसुलीला येणार नाही. मालकाला सामान हलवायला ३,००० डॉलर. कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीला १,५०० डॉलर. कर्जात पैसा घातलेल्या गुंतवणूकदाराला २,००० डॉलरपर्यंत. बेरीज करा, ६,५००. आपल्या वेगासच्या घरातला खड्डा १ लाख ६० हजारांचा, म्हणजे सरकारचा हात त्याच्या चार टक्के! रुपयात बोलायचं तर ७२ लाखांच्या तोट्यावर तीन लाखांहून थोडी कमी मदत.

आणि एजंटला सरकारकडून किती? शून्य. फक्त एक कवच मिळालं. करारात ठरलेली दलाली, सहा टक्क्यांपर्यंत, बँकेने शेवटच्या क्षणी कापायची नाही. हे कवचही मोठं होतं, कारण त्याआधी ऐन सह्यांच्या वेळी “एक टक्का सोडा, नाहीतर व्यवहार रद्द” हे वाक्य एजंटांनी पुष्कळ ऐकलं होतं.

आता फाइल उघडू. अडचणीचं पत्र, दोन महिन्यांचे बँकेचे उतारे, पगाराच्या पावत्या, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, मदतीचा अर्ज, गिऱ्हाईकाचा करार, खर्चाच्या अंदाजाचा तक्ता, खरेदीदार आपला नातेवाईक नाही असं प्रतिज्ञापत्र. एका घराची फाइल १०० पानांची धरा, सढळ हाताने नाही, बेताने. नोटीस लागलेल्या २८ लाख ७० हजार घरांच्या अशा फाइली केल्या तर पानं झाली २८ कोटी ७० लाख. एकावर एक रचा. ढीग २८ किलोमीटर ७०० मीटर उंच. कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक १७ कळसूबाई रचा, तरी ढीग वरून डोकावतो!

आणि फाइल एकदा पाठवून भागत नसे. उतारे आणि पावत्या दोन-तीन महिन्यांत शिळ्या होतात. तोवर निर्णय आला नाही की ताजे कागद मागवायचे. फॅक्स पोचलाच नाही म्हणून पुन्हा पाठवायचा. फाइल सांभाळणारा माणूस बदलला म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या महाकाय संस्थांचं निघालं तर नियमच वेगळे. त्यांची हाफा ऑगस्ट २०१०पासून सुरू झाली. दहा दिवसांच्या नियमावर विसंबून गिऱ्हाईकाला तारीख दिलेल्या एजंटांनी ते दहा दिवस महिने होताना पाहिले. कित्येकांनी तर साधा, सरकारी मदतीविना केलेला शॉर्ट सेलच लवकर उरकतो म्हणून मालकाला तीच वाट दाखवली. मालकाचे ३,००० डॉलर त्यात बुडाले, पण गिऱ्हाईक टिकलं.

त्यातून घरावर दुसरं कर्ज असलं तर? तेजीच्या काळात लोकांनी घरावर कर्जावर कर्ज काढलं होतं. हाफामध्ये दुसरं कर्ज देणाऱ्याला जास्तीत जास्त ६,००० डॉलर. त्याचं येणं ६० हजारांचं असेल तर रुपयाला फार तर दहा पैसे! तो का कबूल होईल? पण तो अडला तर सगळंच अडलं. पहिली बँक हो म्हणते, गिऱ्हाईक चावीची वाट बघतंय, मालकाचं सामान खोक्यांत भरलंय आणि सगळा व्यवहार दुसऱ्या बँकेतल्या एका टेबलावर तटला आहे. एजंट दोन्ही बँकांना फोन लावतो. एकीची मंजुरी हातात येईपर्यंत दुसरीची मुदत संपते. गिऱ्हाईक कंटाळून शेजारचं घर घेतं. पुन्हा नवं गिऱ्हाईक, नवा करार, नवी शंभर पानं.

फोनचा हिशेब करू या. हा माझा सगळ्यांत आवडता हिशेब आहे. एका घरासाठी बँकेला आठवड्यातून दोन फोन. प्रत्येक फोनवर अर्धा तास, त्यातला बहुतेक वेळ ताटकळत, कानाशी तेच ते वाजतं संगीत. चार महिने, म्हणजे १७ आठवडे. झाले ३४ फोन, १७ तास. डेक्कन क्वीन मुंबई-पुणे सव्वातीन तासांत कापते. एका घरासाठी एजंट डेक्कन क्वीनच्या पाच फेऱ्यांइतका वेळ कानाला फोन लावून बसला!

एक लाख घरं घ्या. १७ लाख तास, १९४ वर्षं. २०१०मध्ये फोन ठेवायचा तर १८१६ला उचलायला हवा. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव पेशवा आहे, शनिवारवाड्यावर अजून भगवा आहे!

आणि आता सगळी घरं. कर्जाखाली दबलेली १ कोटी ११ लाख. प्रत्येकाला १७ तास. १८ कोटी ८७ लाख तास. वर्षं किती? साडेएकवीस हजार! एकच फोन सलग चालू ठेवायचा तर तो हिमयुगात लावावा लागेल. शेती नाही, गाव नाही, चाक नाही, आणि फोन मात्र लागलेला आहे.

आता हे काम अमेरिकेतल्या एजंटांमध्ये वाटून टाकू. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे सभासद २००६ साली साडेतेरा लाख होते. मंदीने लाखोंनी धंदा सोडला. २०१० अखेर उरले १० लाख ६६ हजारांच्या आसपास. एकूण एक सभासद कामाला लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा घरं आणि १७७ तास. रोजचे आठ तास धरले तर कामाचे २२ दिवस. एक आख्खा महिना. घर दाखवणं नाही, गिऱ्हाईक शोधणं नाही, नुसता फोन. त्या महिन्यात दहा घरं, आणि तीही सगळं सुरळीत झालं तर!

तिकडे त्याच २०१०मध्ये न्यायालयीन साक्षींमधून एक आकडा बाहेर आला आणि अमेरिका हादरली. कर्ज सांभाळणाऱ्या एका मोठ्या कंपनीतला एकटा कर्मचारी महिन्याला सुमारे १०,००० कागदांवर सह्या करत होता. फोरक्लोजरच्या दाव्यांना जोडायची प्रतिज्ञापत्रं त्यांत होती, आत काय लिहिलंय ते न तपासता सही केलेली. तेच २२ दिवस, तेच आठ तास. हिशेब लावा. मिनिटाला जवळपास एक सही. पुढे फेब्रुवारी २०१२मध्ये ४९ राज्यांचे महाधिवक्ते आणि कर्ज सांभाळणाऱ्या पाच बड्या कंपन्या यांच्यात तडजोड झाली ती २५ अब्ज डॉलरची, तीही अशाच सह्यांपायी.

एका महिन्यात, एका टेबलावर, घर काढून घेण्याच्या दहा हजार सह्या. त्याच महिन्यात, फोनच्या दुसऱ्या टोकाला, दहा घरांसाठी ताटकळणारा एक एजंट. एकास हजार! आणि तरीही तो पुन्हा नंबर फिरवत होता, पुन्हा शंभर पानं फॅक्सला लावत होता. २०१६च्या अखेरीस घर वाचवण्याची ती सरकारी मोहीम नव्या अर्जांसाठी बंद झाली, तोवर सामान हलवायचे ३,००० डॉलर वाढून १०,००० झाले होते. २०१५च्या दराने सहा लाख रुपयांच्या वर. ट्रकचं भाडं, नव्या घराची अनामत आणि वर काही महिन्यांचं घरभाडं भागेल एवढे, ते घर सोडणाऱ्याच्या हातात ठेवूनच एजंट चावी घेत होता.