कृत्रिम खांद्यातील अबोल जंतू

१८९३ साली पॅरिसमध्ये पेआं नावाच्या शल्यविशारदाने क्षयाने पोखरलेल्या एका खांद्यात प्लॅटिनम आणि रबर यांचा सांधा बसविला. कृत्रिम खांद्याचा हा पहिला प्रयोग मानला जातो. सुमारे दोन वर्षे त्या सांध्याने काम दिले; पुढे जंतुसंसर्ग हटेना म्हणून तो काढून टाकावा लागला. आज धातू बदलले, शस्त्रक्रियेची पद्धत सुधारली, पुष्कळांना असा सांधा वर्षानुवर्षे साथ देतो. परंतु पेआंना जो शत्रू भेटला, तो मात्र अजून पुरता हटलेला नाही.

बसविलेला खांदा कधी दुखू लागतो, आखडतो आणि तो पुन्हा उघडण्याची वेळ येते. सांधा सैल झाला असेल, भोवतालच्या कंडरा निकामी झाल्या असतील, तर बहुधा एका शस्त्रक्रियेत नवा भाग बसविता येतो. पण आत जंतू असतील तर गोष्ट निराळी. मग दूषित ऊतके खरवडून काढावी लागतात. पुष्कळदा सांधा काढून तेथे औषधमिश्रित तात्पुरता ठोकळा ठेवतात आणि काही काळाने दुसरी शस्त्रक्रिया करतात. जंतू असून नाहीत असे मानले, तर नवा सांधा जुन्याच दूषित जागी बसतो. नसून आहेत असे मानले, तर रोग्याच्या वाट्याला नाहक दुहेरी यातना येतात. म्हणून सुरी हाती घेण्यापूर्वीच हा निर्णय शक्य तितका पक्का व्हावा लागतो.

जंतुसंसर्ग म्हटला की ताप, सूज, लाली आणि पू ही लक्षणे आपल्या डोळ्यांपुढे येतात. खांद्यात यांपैकी एकही नसेल, असे वारंवार घडते. याचे कारण तेथे आढळणारा जंतू. त्याचे नाव क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्निस. तारुण्यपीटिकांशी ज्याचा संबंध जोडला जातो, तोच हा. खांदा, पाठ व छाती येथील त्वचेच्या तैलग्रंथींत तो निरोगी माणसाच्याही अंगी राहतो, पुरुषांत अधिक. शस्त्रक्रियेपूर्वी लावलेल्या जंतुनाशकाने त्वचेचा पृष्ठभाग स्वच्छ होतो, पण ग्रंथींच्या तळाशी काही जंतू उरतात आणि छेद घेताना आत उतरतात. धातूवर ते चिकट पापुद्रा तयार करून त्याच्या आड राहतात. ते फारसा दाह उत्पन्न करीत नाहीत, म्हणून शरीरही मोठ्याने तक्रार करीत नाही.

अशा अबोल जंतूला बोलते कसे करावे? वैद्य प्रथम रोग्याची हकीकत विचारतो: पहिली जखम बरेच दिवस पाझरत होती काय? खांदा मुळी कधी दुखायचा थांबलाच नाही काय? क्ष-किरणचित्रात सांध्याच्या दांड्याभोवती हाड झिजलेले दिसते काय? मग रक्त तपासतात. तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग आणि सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन वाढलेले असले, तर संशय बळावतो; परंतु ते ठीक आले म्हणून खांदा निर्दोष ठरत नाही. सुईने सांध्यातील द्रव काढावा, तर तो पुष्कळदा मिळतच नाही. अशा वेळी दुर्बिणीने आतील ऊतकांचे लहान तुकडे काढून तपासणे अधिक उपयोगी पडते.

हे तुकडे एकाहून अधिक, सामान्यतः पाचच्या आसपास, निरनिराळ्या जागांहून घेतात. प्रयोगशाळेत ते पोषक द्रव्यावर ठेवून जंतू वाढतो का हे पाहतात. इतर कित्येक जंतू एक-दोन दिवसांत दिसतात. हा मात्र प्राणवायूला बुजणारा आणि सावकाश वाढणारा. म्हणून चौदा दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते. पाचव्या दिवशीच नमुना टाकून दिला, तर तो निसटण्याचा संभव मोठा.

बरे, तो सापडला तरी प्रश्न संपत नाही. पाचांपैकी एकाच तुकड्यात आढळलेला जंतू त्वचेवरूनही आलेला असू शकेल. २०१८ साली फिलाडेल्फिया येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने यासाठी निकष ठरविले. सांध्यापर्यंत पोहोचणारे नाडीव्रण, सांध्यात उघड दिसणारा पू, किंवा दोन नमुन्यांत एकच उग्र जंतू, यांपैकी काहीही असल्यास संसर्ग निश्चित. एरवी लहानमोठ्या पुराव्यांना गुण देऊन तो संभाव्य, शक्य की असंभवनीय हे ठरवावयाचे. आपला सौम्य जंतू दोन तुकड्यांत मिळाला, तरी केवळ तेवढ्यावर ‘निश्चित’ हा शिक्का बसत नाही. एकट्या साक्षीदारावर निकाल न देणाऱ्या न्यायाधीशासारखे येथे वागावे लागते.

या शोधात रोग्याचाही वाटा आहे. खांदा दुखतो म्हणून नमुने घेण्याआधीच कुणी प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या, तर जंतू मरत नाही, पण तपासणीत दिसेनासा होतो. म्हणून प्रकृती तातडीची नसेल, तर नमुने घेण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे ही औषधे वैद्याच्या सल्ल्याने बंद ठेवतात. तीव्र ताप असेल किंवा विष रक्तात भिनत असेल, तर अर्थातच थांबता येत नाही. एरवी मात्र कृत्रिम खांदा दुखू लागल्यास गोळी घेण्याआधी शल्यविशारदाला विचारावे, आणि प्रयोगशाळेने चौदा दिवस मागितले तर ते आनंदाने द्यावेत. पुढची काही वर्षे हात वर उचलता येईल की नाही, हे त्या दोन आठवड्यांवरही अवलंबून असते.