पहिल्या डावाची आघाडी

आमच्या वऱ्हाडात 'हंगाम' म्हटलं की डोळ्यांपुढं आधी कापूस येतो. दसऱ्याच्या आसपास पहिला वेचा, दिवाळीत घरात पांढरा ढीग, मग जिनिंगसमोर गाड्यांची रांग आणि होळीपर्यंत सावकार, बँक, दुकानदार यांचे हिशेब. योगायोग असा, की रणजी करंडकाचा हंगामही याच महिन्यांतला. ऑक्टोबरात सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. अकोला आणि अमरावतीकडच्या शाखांत पीककर्जाची खाती सांभाळताना माझी निम्मी नोकरी गेली. दुपारच्या डब्याबरोबर वर्तमानपत्रातला बारीक टायपातला रणजीचा धावफलक वाचायची सवय तेव्हाच लागली.

त्या धावफलकात विदर्भ शोधायचा म्हणजे पराभवच शोधायचा. पूर्वी 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' असा संघ होता. विदर्भ या नावानं आपण १९५७-५८ च्या हंगामापासून खेळू लागलो. त्यानंतर साठ वर्षं करंडक तर सोडाच, उपांत्य फेरीही कधी पाहिली नाही. शेजारची मुंबई मात्र करंडकांची चळत लावत होती. आम्हा वैदर्भीयांना एक शब्द फार लवकर पाठ होतो, अनुशेष. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष. तो खोटा नव्हे. पण क्रिकेटमध्ये हरल्यावरही आम्ही त्याच शब्दाच्या आडोशाला जाऊन बसत होतो.

२०१७-१८ च्या हंगामात तो आडोसा गेला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फजल, सोबतीला मुंबईहून आलेला वसीम जाफर. कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकवर अवघ्या ५ धावांनी विजय मिळाला. अंतिम सामना इंदूरला, दिल्लीशी. रजनीश गुरबानीनं हॅट्‌ट्रिक घेतली, अक्षय वाडकरनं १३३ धावा काढल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ ९ गडी राखून जिंकला. त्या सामन्यात अकोल्याचा आदित्य ठाकरे हा एकोणीस वर्षांचा वेगवान गोलंदाज आयुष्यातला पहिला प्रथम श्रेणी सामना खेळत होता. पहिलाच सामना आणि तोही रणजीचा अंतिम! राजेहो, आमच्या अकोल्यात त्या दिवशी नववर्षाच्या शुभेच्छा मागं पडल्या.

पुढच्याच वर्षी नागपूरला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भानं करंडक राखला. लगोलग फेब्रुवारी २०१९ मध्ये इराणी करंडकही जिंकला आणि बक्षिसाची रक्कम पुलवामातल्या शहीद जवानांच्या कुटुंबांना दिली. त्या हल्ल्यात आपल्या बुलडाणा जिल्ह्यातले दोन जवान गेले होते. ज्या घरांत चूल पेटत नव्हती, त्यांची आठवण विजयाच्या गडबडीत या पोरांनी ठेवली.

पण मला सांगायचं आहे ते २०२४-२५ च्या हंगामाबद्दल. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२४ मध्ये, वानखेडेवर मुंबईनं विदर्भाला अंतिम सामन्यात १६९ धावांनी हरवलं होतं. जिंकायला ५३८ हव्या होत्या. वाडकरच्या शतकामुळं आपण ३६८ पर्यंत पोचलो. हरलेल्या संघाचा पुढचा हंगाम कसा जातो, यावर त्या संघाची खरी पत ठरते. बँकेतही तसंच असतं. एक पीक बुडाल्यावर शेतकरी पुढच्या मृगाला तिफण बाहेर काढतो की नाही, हे आम्ही पाहत असू.

अमेरिकेत बेसबॉलचा व्यावसायिक संघ एका हंगामात १६२ साखळी सामने खेळतो. रणजीत त्या वर्षी साखळीचे सामने सातच होते, पण प्रत्येक चार दिवसांचा. निर्विवाद विजयाला सहा गुण. डावानं किंवा दहा गडी राखून जिंकलात तर आणखी एक. सामना अनिर्णित राहिला तर ज्याच्या पहिल्या डावात धावा जास्त त्याला तीन आणि दुसऱ्याला एक. म्हणजे शेवटच्या दिवशी काही घडलं नाही, तरी सुरुवातीला जपून ठेवलेली शिल्लक कामी येते. विदर्भानं सातांपैकी सहा सामने जिंकले, ४० गुण मिळवले आणि गटात पहिला आला. पुढं तमिळनाडूला १९८ धावांनी आणि उपांत्य फेरीत त्याच मुंबईला ८० धावांनी हरवलं.

२६ फेब्रुवारी २०२५ ला जामठ्यात अंतिम सामना सुरू झाला. समोर केरळ, पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेला. आपले तीन गडी २४ धावांत गेले. मग दानिश मालेवार आणि कर्नाटकातून येऊन आपला झालेला करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. मालेवारचे १५३, नायरचे ८६, विदर्भ ३७९. केरळनं ३४२ केल्या. त्यात ७९ होत्या आदित्य सरवटेच्या. हा आपलाच नागपूरचा डावखुरा, ज्यानं २०१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी ११ बळी घेतले होते. आता तो केरळकडून आपल्याविरुद्ध झुंजत होता. व्यावसायिक खेळाचा हा रिवाज आहे. नायरला आपलं म्हणायचं असेल, तर सरवटेवर रुसून चालत नाही.

३७ धावांची आघाडी हाती होती. दुसऱ्या डावात नायरनं १३५ काढल्या आणि पाचव्या दिवशी दर्शन नळकांडेचं अर्धशतक पुरं होताच सामना थांबला. अनिर्णित सामना, पण आघाडीच्या जोरावर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडं. हर्ष दुबेनं त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. सर्वाधिक ९६० धावा यश राठोडच्या. चार-दोन नावांवर सारा भार टाकणारा हा संघ राहिला नव्हता.

टाळ्यांच्या त्या आवाजात माझं लक्ष मात्र एका न खेळलेल्या खेळाडूकडं होतं. अकोल्याचा सलामीवीर अथर्व तायडे उपांत्य सामन्यात होता, अंतिम सामन्यात नव्हता. त्याच्या जागी आला अक्षय कर्णेवार, दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा. संघाच्या दृष्टीनं निर्णय योग्यच असेल. पण गावाकडं टीव्हीपुढं बसलेल्यांना पडद्यावर आपला पोरगा दिसत नाही, तेव्हा घरात काय होतं, हे मी एकदा जवळून पाहिलं आहे.

तालुक्याच्या एका शाखेत असताना जिनिंगमध्ये कारकून असलेले एक गृहस्थ दर महिन्याला आवर्ती ठेवीचा हप्ता भरायला यायचे. मुलगा डावखुरा फिरकी टाकायचा. चार वर्षं निवड चाचणीसाठी बाप-लेक पहाटेच्या गाडीनं नागपूर गाठत. संभाव्य खेळाडूंच्या यादीत नाव यायचं, संघाच्या यादीत नाही. एके दिवशी ते मुदतीआधीच ठेव मोडायला आले. मी कारण विचारलं. म्हणाले, "साहेब, पैशाचं काही नाही. पोट्टं आठ दिवसांपासून घरात बोलत नाही. त्याले दुकान टाकून देतो म्हन्तो." मी अर्ज पुढं केला. त्यांची सही त्या दिवशी नीट आली नाही.

आज त्या मुलाचं कृषी सेवा केंद्र आहे. रविवारी सकाळी तो गावातल्या पंधरा-वीस पोरांना गोलंदाजी शिकवतो. मध्यंतरी भेटला तेव्हा मी विचारलं, "यातलं कोणी पुढं जाईल का?" तो म्हणाला, "काका, एखादं जाईल. बाकीच्यायले निदान हरल्यावर बोलता तरी येईल."

मला वाटतं, संघ अशा माणसांवर उभा असतो. अकोल्याहून जामठा सुमारे अडीचशे किलोमीटर. बडनेऱ्याला किंवा अकोल्याला गाडी पकडून किट खांद्यावर टाकून निघालेली किती तरी पोरं दर हंगामात परत येतात. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला आणि मे २०२५ मध्ये बंगळूरूसाठी ३३ चेंडूंत नाबाद ८५ फटकावून गेला, हे आपण अभिमानानं सांगतो. ज्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, त्या गावाला खेळाडूचं कौतुक कळतं. परंतु जितेशपर्यंत न पोचलेल्या पोराशी काय बोलायचं, हे पालकांना कोणी शिकवत नाही. त्याच्या चार वर्षांचा हिशेब आपण एका यादीवरून करतो आणि खातं बंद करतो.

यादी ही शेवटच्या दिवसाची गोष्ट आहे. पहाटे उठण्याची सवय, हरून पुन्हा मैदानावर जाण्याची हिंमत, दुसऱ्याच्या बळीवर मनापासून टाळी वाजवणं ही त्या पोराची पहिल्या डावातली आघाडी असते. पुढं सामना अनिर्णित राहिला तरी ती त्याच्या खात्यावर राहते. घरातल्या मोठ्यांनी तेवढी ती ओळखायला हवी.

आणि अथर्वचं पुढं काय झालं, तेही सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्यालाच इराणी करंडकाचा सामना झाला, शेष भारताशी. विदर्भ ९३ धावांनी जिंकला. ज्या मैदानावर सात महिन्यांपूर्वी तो अंतिम संघाबाहेर होता, तिथंच अथर्वनं पहिल्या डावात १४३ धावा काढल्या आणि सामनावीर ठरला. वऱ्हाडात तेव्हा कापसाचा पहिला वेचा सुरू होत होता.