देवमाशांची निद्रा

देवमासे व डॉल्फिन हे फुप्फुसांनी श्वसन करणारे सस्तन प्राणी आहेत. माणसाचा श्वास झोपेतही आपोआप चालतो. या प्राण्यांना मात्र प्रत्येक श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. त्यामुळे दीर्घकाळ गाढ झोपणे त्यांच्या जिवावर बेतू शकते.

डॉल्फिनच्या मेंदूचा एका वेळी एकच गोलार्ध झोपतो. दुसरा जागा राहून पोहणे, श्वसन व सावधगिरी सांभाळतो. काही वेळाने त्यांची पाळी बदलते. या प्रकारास एकगोलार्धी निद्रा म्हणतात. झोपलेल्या गोलार्धाच्या विरुद्ध बाजूचा डोळा बहुधा मिटलेला असतो.

स्पर्म देवमासे पृष्ठभागाजवळ उभ्या स्थितीत निश्चल राहून थोडा वेळ झोपतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, चिलीच्या उत्तर किनाऱ्याजवळ अशा झोपलेल्या कळपाजवळ नौका पोहोचली, तरी तिचा स्पर्श होईपर्यंत ते जागे झाले नाहीत.