नॅनो का चालली नाही?

स्कूटरवर चौघांचं कुटुंब पावसात भिजत जातं, त्यांना परवडेल अशी चारचाकी द्यायची, हा रतन टाटांचा विचार होता आणि तो मनापासूनचा होता. पुण्यातल्या अभियंत्यांनी त्यासाठी ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटखाली बसवलं. जानेवारी २००८मध्ये दिल्लीत गाडी दाखवली, तेव्हा जगभर चर्चा झाली.

मग अडचणी सुरू झाल्या. पश्चिम बंगालमधला सिंगूरचा नॅनो प्रकल्प जमिनीच्या आंदोलनामुळे गुजरातेत साणंदला हलवावा लागला. सुरुवातीच्या उत्साहात पैसे भरलेल्यांना गाडीसाठी ताटकळावं लागलं. त्यातच काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या. सुरुवातीला जाहीर केलेली एक लाखाची किंमतही पुढे टिकली नाही.

खरा घाव मात्र ‘सर्वांत स्वस्त’ या शिक्क्याचा होता. आपल्याकडे गाडी दारात उभी राहते ती चार लोकांनी बघावी म्हणून. पै-पै साठवून पहिली गाडी घेणाऱ्याला ‘स्वस्तातली घेतली’ हे ऐकायचं नसतं. त्यापेक्षा त्याला थोडी जुनी मारुती बरी वाटली. शिवाय रोजच्या वापरातली गैरसोय होतीच: मागचं डिकीचं दार उघडतच नसे, त्यामुळे पिशव्या ठेवायला मागच्या सीटची पाठ पुढे पाडावी लागे. उघडणारं दार आलं २०१५मध्ये, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं होतं.

‘स्वस्त’ म्हणून केलेली जाहिरात चुकली, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केलं. जून २०१८मध्ये संपूर्ण महिन्यात एकच नॅनो तयार झाली.