वारा फुकट, साठवण विकत

खानापूर तालुक्यातील माझ्या मामांच्या शेतवस्तीवर विजेची तार पोचलेली नाही. म्हणून मामांनी एक लहान पवनचक्की आणि १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी बसवली. दीड वर्षातच बॅटरी निकामी झाली. "वाऱ्याचा काय भरवसा, बाळा!" असे म्हणून मामा मोकळे झाले. मी मात्र वही-पेन्सिल घेऊन बसलो आणि दोष वाऱ्याचा नसून आमच्या हिशेबाचा आहे, हे ध्यानात आले.

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. आमच्या चक्राचा व्यास २ मीटर. सेकंदाला ५ मीटर वेगाने वारा वाहिला, तर त्या चक्रातून सुमारे २३५ वॅट शक्ती जाते. बेट्झच्या नियमानुसार तिच्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती कोणत्याही चक्राला घेता येत नाही. आमच्या लहान यंत्राला पाव हिस्सा, म्हणजे ६० वॅट मिळाले तरी पुष्कळ. वेग ३ मीटरवर उतरला की जेमतेम १२-१३ वॅट!

आता बॅटरी पाहू. तिच्यात १२०० वॅट-तास मावतात. पण ती दीर्घकाळ टिकावी असे वाटत असेल, तर निम्म्याहून अधिक वापरू नयेत. हे ६०० वॅट-तास भरून काढण्यास, वाटेतील घट धरून, ६० वॅटने सुमारे बारा तास लागतात. पावसाळ्यात हे सहज जमते. पावसाळा सरला की वारा पडतो. आमचे दिवे मात्र तितकेच जळत राहिले. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहिली, पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट बसले आणि तिचा अंत झाला.

उलट धोकाही आहे. भरलेल्या बॅटरीत १४.४ व्होल्टच्या वर प्रवाह रेटत राहिल्यास पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन सुटतात. अशा वेळी सौरपट्टीची तार काढली तरी बिघडत नाही. पवनचक्कीचे तसे नाही. भार सुटला की पाती बेफाम फिरू लागतात. म्हणून नियंत्रक जास्तीची वीज एका रोधाकडे वळवून तिची उष्णता करतो. जनित्रातून येणारा त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाह सहा डायोड एकदिश करतात. बॅटरीतील वीज उलट जनित्राकडे जाऊ नये, ही राखणही तेच करतात.

साठवणीची ही अडचण जुनीच आहे. १८८८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे चार्ल्स ब्रश यांनी १७ मीटर व्यासाची, १२ किलोवॅटची पवनचक्की उभारली, तेव्हा त्यांनाही तळघरात ४०८ घट मांडावे लागले होते.

यंदा मामांनी नवी बॅटरी घेतली. सोबत पावसाळ्यानंतरच्या महिन्यांसाठी एक सौरपट्टीही बसवली. रोज संध्याकाळी दिवे लावण्यापूर्वी, चक्की संथ असताना, ते व्होल्टमापक पाहतात. काटा १२.२ च्या खाली असेल, तर त्या रात्री घरात एकच दिवा लागतो.